स्टुलावरची साक्ष

माझे वडील खोटं बोलत नाहीत, असं सावळकुंट्यातले लोक अजूनही छातीठोकपणे सांगतात, आणि मी ते खोडून काढणार नाही. बाबांनी स्वतः आयुष्यात फार कमी वेळा खोटं सांगितलं असेल. ते काम त्यांनी कायम दुसऱ्यांकडून करून घेतलं, आणि इतक्या सफाईनं की करणाऱ्यालाही वाटावं, आपण खरंच बोललो.

सावळकुंटा हे महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेलं तेलंगणातलं तालुक्याचं गाव. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कोर्टाच्या आवारात सगळ्यांची मिळून दखनी. तिथल्या कोर्टात हिम्मतराव वकिलांचं नाव होतं ते काही कायद्याच्या ज्ञानासाठी नव्हतं. कलमं इतरांनाही पाठ होती. बाबांचं नाव होतं साक्षीदारांसाठी. हिम्मतरावांचा साक्षीदार उलटतपासणीत फुटत नाही, असं लोक म्हणत, आणि त्यासाठी लांबलांबची पक्षकार मंडळी आमच्या ओसरीवर येऊन बसत.

साक्षीदार तयार व्हायचे ते आमच्या पुढच्या खोलीत. मधोमध एक लाकडी स्टूल. त्यावर साक्षीदार. समोरच्या पक्षाचा वकील व्हायचे संभाजीकाका, म्हणजे बाबांचे कारकून. एरवी इतका मऊ माणूस, पण ती वकिली अंगात आली की असे ओरडायचे की मी स्वयंपाकघरात दचकायचे. आणि न्यायाधीश कोण? माझी आई. बाबा तिथून तिला हाक मारायचे, "कुसुम, चल, कोर्ट भरलं." ती हातातलं ताट घेऊनच यायची आणि आरामखुर्चीत बसायची. जज्जसाहेब मेथी निवडताहेत आणि पुढ्यात एखादा भावकीतल्या भांडणाचा साक्षीदार घाम पुसतोय, हे मी लहानपणी इतक्यांदा पाहिलंय की कोर्ट असंच असतं असं मला बरीच वर्षं वाटायचं.

सगळं विचारून झालं की संभाजीकाका आवाज खाली आणायचे आणि आईकडं वळायचे. "बाई, टिकतो का?"

आई एकच शब्द बोलायची. टिकतो, नाहीतर पडतो. पडतो म्हणाली की बाबा वाद घालत नसत, पुन्हा पहिल्यापासून सुरू. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण माणूस कुठं घसरतो ते तिला दिसायचं. कोणी मान खाली घालायचा, कोणी उगाच पाणी मागायचा. तिचा निकाल कधी चुकला नाही, आणि तिनं कुणाची भीड धरून तो कधी फिरवलाही नाही. बाबा चारचौघांत मोठ्या कौतुकानं सांगायचे, "आमच्या घरात हायकोर्ट आहे."

बाबांचा नियम एकच होता. खोटं रचायचं नाही. रचलेलं आठवावं लागतं, आणि आठवणारा माणूस ओळखू येतो. त्यापेक्षा आपल्याच आयुष्यातला एखादा खरा दिवस उचलायचा आणि हव्या त्या तारखेवर ठेवायचा. त्या दिवशी काय जेवलो, कोण भेटलं, ऊन होतं की आभाळ, सगळं खरं. खोटी फक्त तारीख. "वकील तुमचं जेवण खोडेल, पाहुणा खोडेल," बाबा म्हणायचे, "पण खरं कसं खोडणार?"

राजकारणात गेल्यावरही बाबांनी वेगळं काही केलं नाही. दुसऱ्याच्या कारकिर्दीत झालेला रस्ता, दुसऱ्याच्या खटपटीनं आलेलं पाणी, सगळं खरं होतं, बाबांनी ते आपल्या तारखेवर ठेवलं. वकील संघ, मग जिल्हा परिषद, मग आमदारकी. दोनदा पक्ष बदलला आणि दोन्ही वेळेला भाषणात गहिवरले. आम्ही हैदराबादला हिमायतनगरात राहायला आलो. सामानाबरोबर ते स्टूल आलं आणि संभाजीकाकांचा निळा कपही आला. तो कप आमच्याकडं पहिल्यापासून वेगळा ठेवलेला असे, कारण काका बौद्ध. बाबा व्यासपीठावरून समतेवर तासभर बोलायचे आणि घरी तो कप वेगळ्या फळीवर असायचा. आई तो धुवायची, मीही धुतलाय. त्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही.

काका मात्र सावळकुंट्यातच राहिले. बाबांनी तिथं मुलींचं वसतिगृह काढलं होतं. आमदार झाल्यावर त्यांनी संस्थेच्या कागदांवरून आपलं नाव काढून घेतलं आणि काकांना सचिव केलं. निर्णय बाबांचे, सही काकांची. काकांना त्याचा केवढा अभिमान होता! आपल्या मेहुणीची मुलगी, स्वप्ना, तिला त्यांनी मुद्दाम त्याच वसतिगृहात ठेवलं होतं.

जुन्या इमारतीवर बाबांनी नवा मजला चढवला. पक्षाचे मोठे नेते उद्घाटनाला येणार होते, आणि त्या नेत्यांच्या मनात भरलं तर बाबांचं मंत्रिपद नक्की, असं सगळे म्हणत होते. त्याच सुमारास खालच्या खोलीची भिंत फुगायला लागली. मुलींनी आपणच खाटा भिंतीपासून ओढून घेतल्या होत्या.

त्या सोमवारी काका आमच्या घरी आले. मी बँकेत होते. संध्याकाळी मी परत आले तेव्हा आईनं मला चहा देता देता सगळं सांगितलं, कारण तिच्या मनाला ते लागून राहिलं होतं. काका बाबांना म्हणाले, "साहेब, पोरींना चार दिवस शाळेत हलवू या." बाबा म्हणाले, "आत्ता हलवल्या तर बोभाटा होईल. विरोधक टपून बसलेत. उद्घाटन होऊ दे, मग तू म्हणशील ते." काकांचं समाधान झालं नाही. हातातला निळा कप तसाच धरून ते जुन्या सवयीनं आईकडं वळले. "बाई, टिकेल का?"

आईला माणसं कळायची, भिंती नाही. ती बाबांकडं पाहत राहिली. बाबा हसून म्हणाले, "टिकेल रे. जा तू."

आणि काका गेले. हीच त्यांची चूक. डोळ्यांनी भिंत पाहिलेला माणूस साहेबांच्या शब्दावर गेला. उद्घाटनाच्या आधीच ती भिंत झोपलेल्या मुलींच्या अंगावर आली. तीन मुली गेल्या. त्यांत स्वप्ना होती.

ओरड झाली, मोर्चे निघाले, सरकारनं चौकशी आयोग नेमला. एक निवृत्त न्यायाधीश, अफझलगंजच्या बाजूला एका जुन्या इमारतीत बैठका. बाबांचं म्हणणं असं, की व्यवस्था सचिव पाहत होते, मला भिंतीबद्दल कोणी काही सांगितलं नाही. काकांचं म्हणणं, मी साहेबांच्या घरी जाऊन सांगितलं, बाईंनी चहा दिला, बाईंच्या समोर सांगितलं. काका हैदराबादला आले होते हे कोणीच नाकारत नव्हतं, ते कायम येत असत. फाटकावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलं होतं, आपोआप, असं बाबांचा पीए म्हणाला. घरातली बाकी माणसं बाबांच्या पगारावरची. म्हणजे उरली एक आई. ती हो म्हणाली तर बाबा जाणार, नाही म्हणाली तर काका. तिसरी वाट नव्हती.

साक्षीच्या आधी एका दुपारी कोंडाबाई आली, काकांची बायको. बाबा नव्हते असं पाहूनच आली असावी. सोफा सोडून खाली बसायला लागली, तेव्हा आईनं तिला हाताला धरून वर बसवलं. वाळवलेली हरभऱ्याची भाजी तिनं पिशवीतून काढून टीपॉयवर ठेवली.

"कसे आहेत ते?" आईनं विचारलं.

"कसे असणार बाई. आमच्या घराच्या भिंतींना हात लावून लावून बघतात. इथं बी फुगली म्हणतात. चांगली दगडाची भिंत हाय." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "बहीण तर माझ्याशी बोलतच नाही. तुझ्या नवऱ्याच्या भरवशावर ठेवली होती म्हणते."

आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई, मी काही मागायला आले नाही. तिथं तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही बघा, तुमचा संसार हाय. मला एकटीला सांगा. त्या दिवशी तुम्ही घरात होता ना? का ते माझ्याशी खोटं बोलायलेत?"

"होते," आई म्हणाली. "त्यांनी सांगितलं. माझ्या समोर सांगितलं."

कोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मग झालं," म्हणाली आणि उठली. चहाला थांबली नाही. ती गेल्यावर मी आईला म्हणाले, तू नाही सांगितलंस तर मी जाऊन सांगीन. आई माझ्यावर डाफरली, "तू कशाला? तू होतीस का तिथं? मी होते, मी सांगीन." माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी खरंच निर्धास्त झाले.

पुढच्या रविवारी दुपारी बाबांनी सगळ्या माणसांना बाहेर काढलं आणि माळ्यावरचं स्टूल स्वतः उतरवून दिवाणखान्यात ठेवलं.

"बस, कुसुम."

"मी नाही बसणार," आई म्हणाली. ती आरामखुर्चीत होती, मी दारात.

"बाबा, तिला छळू नका," मी म्हणाले.

"तू गप बस राणी. तुला कशाचं काय पडलंय? तुझी बँक, तुझा पगार. मी पडलो तर या घराचं काय होईल माहितेय?"

"काकांच्या घराचं काय होईल ते माहितेय मला."

बाबांनी माझ्याकडं दुर्लक्ष केलं. मग त्यांनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते स्वतः त्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्यावर शेकड्यांनी माणसं बसली असतील, बाबा कधीच बसले नव्हते. त्यांनी आपली साक्ष पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, शांतपणे, न अडखळता. संपल्यावर आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "टिकतो का?"

ते काकांचं वाक्य होतं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. "पडता," ती म्हणाली.

"कुठं?"

"भिंतीचं नाव निघालं की तुमचा हात मांडीवरून उचलतो. तुम्हाला कळतही नाही."

बाबांनी आपल्या हाताकडं पाहिलं. चेहरा एकदम उतरला. ते रडले नाहीत. खोटं रडले असते तर आईनं तिथंच ओळखलं असतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मग तूच सांभाळ," ते म्हणाले. "कुसुम, मी म्हातारा झालोय. मला रात्री तीनदा उठावं लागतं, तूच दिवा लावतेस. तुरुंगात मी नाही टिकत. हे तरी खरं आहे की नाही, सांग."

आईची मान हलली.

"संभाजी टिकेल. त्याला सोसायची सवय आहे."

यावर मी ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, खूप वाईट बोलले एवढं नक्की. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे, ते आईकडंच पाहत होते. माझं संपल्यावर ते तिला हळूच म्हणाले, "तू एकदा कोठी भागात डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली होतीस. आम्हाला कुणाला न सांगता, एकटी, रिक्षानं. आठवतं?"

आई उठून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून भांड्यांचा आवाज येत राहिला. स्टूल संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यातच होतं, मग मीच ते माळ्यावर टाकलं.

साक्षीच्या दिवशी आईनं साधी सुती साडी नेसली. गाडीत मी तिचा हात धरून होते. मागच्या गाडीत बाबा आणि त्यांची माणसं. "घाबरू नको," मी म्हणाले. ती म्हणाली, "मी कशाला घाबरू? कोर्ट काय मी पाहिलं नाही?" मला हसू आलं. मला वाटलं, आपली आई आता हायकोर्टासारखी बोलणार.

खोलीत पंख्यांचा आवाज होता. काका कोपऱ्यात बसले होते, शर्टाच्या गळ्याचं बटण लावलेलं, खूप वाळलेले. शेजारी कोंडाबाई. आई आत आली तशी ती अर्धी उठली आणि हसली. खरंच हसली. काकांची वकील अपर्णा नावाची तरुण मुलगी होती, सरकारी मदतीतून मिळालेली.

न्यायाधीश दखनी वळणाच्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, मराठीमें बोलो, तरजुमा हो जाता." आईनं शपथ घेतली. बाबांच्या वकिलानं विचारलं, त्या सोमवारी तुम्ही कुठं होता?

आईनं काकांकडं पाहिलं. मग बाबांकडं. बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी कोठीला गेले होते," ती म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडं."

दुभाषा तेलुगूत सांगू लागला. तेवढ्या वेळात आई शांत उभी राहिली. प्रत्येक वाक्यानंतर तिला असा विसावा मिळत गेला. डोळे अधू होत चालले होते, पण घरात सांगितलं तर सगळे काळजी करतील म्हणून एकटीच गेले. रिक्षावाला पुस्तकांच्या दुकानांपाशी सोडून गेला. दवाखान्यात गर्दी, शेजारी एक बुरख्यातली म्हातारी होती, तिनं जागा दिली. डोळ्यांत थेंब घातले, सगळं धूसर झालं. घरी परत यायला रस्ता दिसेना म्हणून फूटपाथवर एका पेरूवाल्याजवळ बसून राहिले. तिथं बसून रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आता आपल्याला माणसांचे चेहरे दिसणार नाहीत.

सांगताना तिचा आवाज भरून आला. खरंच होतं ते, शब्दन् शब्द. तो दिवस तिनं मला कधी असा सांगितला नव्हता, आणि तो पहिल्यांदा ऐकायला मिळाला तो या कामासाठी.

अपर्णा उठली. ती चांगली लढली. "तुमच्या घरी एक निळा कप आहे?"

"आहे."

"कुणाचा?"

"संभाजींचा."

"तो वेगळा का ठेवता?"

आई थांबली. एक क्षण मला वाटलं, आता ही पडणार, पड बाई, पड एकदाची.

"आमची चूक आहे ती," आई म्हणाली. "फार जुनी चूक आहे. त्यांनी कधी बोलून दाखवली नाही."

न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला आदर दिसला. असली गोष्ट चारचौघांत कबूल करणारी बाई बाकीचं खोटं कशाला बोलेल? अपर्णानं आणखी बरंच विचारलं. मग बाबांच्या वकिलानं शेवटचं एक वाक्य टाकलं, की सचिवांना भिंतीची इतकी काळजी होती तर त्यांनी स्वतःची भाची तिथं कशी झोपू दिली? कोंडाबाई आईकडं बघत होती. तिचं मघाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, काढून टाकायचं तिला सुचलं नव्हतं.

नंतर मी अपर्णाकडं गेले, आई मला काय बोलली होती ते सगळं लिहून दिलं. अहवालात त्यावर एक ओळ आहे, मुलीचं म्हणणं ऐकीव असून आईच्या शपथेवरच्या साक्षीपुढं टिकत नाही. काकांवर खटला भरला गेला, ते चंचलगुड्याच्या तुरुंगात आहेत. बाबा मंत्री झाले. हिमायतनगरचं घर मी सोडलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. बाबा पुढं पत्रकारांशी बोलत होते. मी आईचा हात सोडला होता, ती भिंत धरून चालत होती. समोरून काका आले. कोंडाबाई त्यांना मागं ओढत होती, पण ते आईसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असं मला वाटत होतं. काकांनी हात जोडले. आवाज अगदी खाली आणला.

"बाई, टिकलात तुम्ही," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

आई तिथंच उभी राहिली. मग गाडीत येऊन बसली. बाबा या वेळेला आमच्याच गाडीत शिरले, खुशीत होते, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कमाल केलीस कुसुम. ते कपाचं तर मी सांगितलंही नव्हतं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "संभाजी काय बोलला ग तुला?"

आई खिडकीबाहेर बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "नमस्कार केला नुसता."

हे उत्तर तिला कोणी पढवलं नव्हतं.